स्वामी-सान

टोकियोजवळच्या ग्योतोकु स्टेशनच्या जिन्याशेजारी, जिथे एरवी दातांच्या दवाखान्याची नाहीतर इंग्रजीच्या शिकवणीची जाहिरात असते, तिथे शनिवारी सकाळी माझा फोटो लावलेला होता. मी पायरी चुकलो. मागून येणारे एक आजोबा माझ्या पाठीवर आदळले आणि उलट त्यांनीच माझी माफी मागितली. फोटो काळा-पांढरा होता, पुरुषभर उंच. मी खुर्चीवर बसलो होतो, अंगावर पांढरा पंचा आणि उपरणं, डोकं गुळगुळीत, मिशी नाही. माझ्या मांडीवर डोकं टेकून एक गोरा तरुण रडत होता. त्याचं जाकीट टिकल्यांचं होतं आणि डोळ्यांतलं काजळ गालापर्यंत ओघळलं होतं. माझा उजवा हात त्याच्या डोक्यावर होता. शिकवणीला सोडायला म्हणून बरोबर घेतलेली माझी मुलगी सलोनी एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "उसो!" पंधरा वर्षांच्या पोरी शक्यच नसलेलं काही दिसलं की इथे हेच म्हणतात. मग इंग्रजीत, "पापा, व्हाय आर यू ऑन द वॉल?" जाहिरातीत खाली जपानीत लिहिलं होतं: 'पडद्यामागे. जपानमध्ये आलेले ब्रिटिश पॉप गायक, १९७५ ते १९८९. छायाचित्रांचं प्रदर्शन, निहोनबाशी.' आणि फोटोखाली बारीक अक्षरात: 'द व्हेलबोन्सचा एडी लार्कहिल आणि नदीकाठी भेटलेले स्वामी. ओसाका, नोव्हेंबर १९८३.' त्र्याऐंशी साली मी सात वर्षांचा होतो आणि दादरच्या शाळेत पाढे पाठ करत होतो. तेवढ्यात माझं लक्ष त्या उजव्या हाताकडे गेलं. मनगटावर घड्याळ होतं, आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला, नाडीवर. सबंध आयुष्यात असं घड्याळ बांधणारा एकच माणूस मी पाहिला आहे. तो माझा बाप.

सलोनीला शिकवणीच्या दारात सोडलं आणि परत स्टेशनवर येऊन त्या फोटोसमोर उभा राहिलो. माणसं वळसा घालून जात होती, कुणी धक्का मारला नाही, इथे मारत नाहीत. मी गेल्या वर्षी उरलेसुरले केस काढून टाकले तेव्हा माझी बायको राधिका म्हणाली होती की आता तू अगदीच परका दिसतोस. मला काय ठाऊक की मी बापासारखा दिसतोय. बापाचं टक्कल कुणी पाहिलंच नव्हतं. ब्याऐंशी वर्षांच्या वयातही त्यांच्या डोक्यावर दाट पांढरे केस आहेत, आणि मिशी तर काय, चंद्रहास म्हटलं की लोकांना आधी ती मिशी आठवते. ती त्यांनी कधी उतरवली नाही. हे मी सहज म्हणत नाही. या एका वाक्यावर आमचं घर फुटलं होतं.

बाबा मुंबईच्या एका बँकेच्या ओसाका शाखेत तीन वर्षं होते. आम्हाला दादरला ठेवून एकटेच गेले होते. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात आजी, म्हणजे त्यांची आई, चार दिवसांच्या तापात गेली. तार केली. उलट तार आली: ऑडिट चालू आहे, रजा अशक्य, दिगंबरने करावं. थोरला मुलगा जिवंत असताना धाकट्या दिगंबरकाकाने अग्नी दिला. दहाव्याला मलाही बाणगंगेवर नेलं होतं. मला आठवतो तो थंड दगड आणि भाताचे ते पिंड. कावळा शिवेना. झाडावर कावळे बक्कळ होते, ओरडत होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. काकाने हात जोडून काय काय कबूल केलं. माझ्या लेकरांना शिकवीन, घर मोडणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, चंदूची वाट बघतेय ती. दोन तासांनी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याच्याकडून पिंडाला शिववून घेतलं. मला त्या गवताच्या कावळ्याचा इतका राग आला होता की घरी येऊन मी बापाने पाठवलेली जपानी कंपासपेटी गटारात टाकली. चार महिन्यांनी बाबा आले. हातात मोठी बॅग, डोक्यावर नीट भांग पाडलेले केस, ओठांवर मिशी. दिगंबरकाकाने दार उघडलं, त्या मिशीकडे बघितलं आणि चपला घालून जिना उतरून गेला. तो पुन्हा आमच्याकडे जेवला नाही. बाबा काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत. रविवारी फोन केला की तिकडे पाऊस काय म्हणतोय, इतकं विचारतात आणि माझ्या धाकट्या बहिणीकडे, अनुराधाकडे, फोन देतात.

हे सगळं आत्ताच वर यायचं कारण आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते. दहा दिवसांपूर्वी बाबा पुण्यात बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन. या वयात भूल सोसेल की नाही याची डॉक्टर खात्री देत नाहीत. अनुराधाच त्यांना सांभाळते. तिने बुधवारी फोन केला, "दादा, ये." मी म्हटलं, सोमवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, आठ महिन्यांचं काम आहे, टीममध्ये ते मलाच माहीत आहे. ती म्हणाली, "अरे, बाबा आहेत ते." आणि मी, एकोणपन्नास वर्षांचा घोडा, म्हणालो, "मग? ते गेले होते का त्यांच्या आईच्या वेळी?" पलीकडे कुणीतरी खोकलं. तो खोकला मला चांगला माहीत आहे. फोन स्पीकरवर होता, बाबांच्या उशाशी. अनुराधाने फोन ठेवला. त्यानंतर ती मेसेजवर फक्त रिपोर्ट पाठवते, आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे आधीही बोलत नव्हते, पण ते न बोलणं वेगळं होतं, हे वेगळं. तीन दिवस मी ऑफिसात टेस्टिंगच्या याद्यांवर खुणा करतोय आणि तो खोकला ऐकतोय.

निहोनबाशीला उतरलो. प्रदर्शन एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या आठव्या मजल्यावर होतं. लिफ्टमधली पांढरे हातमोजे घातलेली मुलगी माझ्याकडे बघून नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकली. आत सगळे फोटो पडद्यामागचेच. एक ढोलवाला हॉटेलच्या पॅसेजमध्ये किमोनो उलटा घालून झोपलेला. एक गायिका, नाव ऐकलेलं, पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून इन्स्टंट नूडल्स खाणारी. चार मुलगे एकाच आरशात भुवया रंगवणारे. एरवी मला मजा वाटली असती. ही माणसं आमच्या लहानपणी दुसऱ्यांच्या घरातल्या पोस्टरवरून आमच्याकडे तुच्छतेने बघत असत, आणि इथे ती सर्दी झालेल्या पोरांसारखी दिसत होती. पण माझे पाय पळत होते. शेवटच्या भिंतीवर तीन फोटो होते. पहिल्यात नदी, दगडी कठडा, आणि एक माणूस उकिडवा बसलेला, उघडा, थंडीने पाठीवर काटा आलेला दिसावा इतक्या जवळून काढलेला. समोर कागदाची ताटली आणि तीत तीन भाताचे गोळे. डोकं नुकतंच केलेलं, कानामागे कापल्याची खूण. त्याची नजर वर आहे, कुठल्या तरी तारेवर.

भिंतीला हात लावायची परवानगी नसते, म्हणून मी स्वतःचेच हात धरून उभा राहिलो. क्षौर. पिंड. दहावा. माझ्या बापाने डोकं केलं होतं. मिशी उतरवली होती. ओसाकात, भटजीशिवाय, पोथीशिवाय, कुठल्यातरी स्टेशनजवळच्या न्हाव्याला खुणांनी सांगून, स्वतःच भात शिजवून. त्या वेळी तिकडे बाणगंगेवर मी गवताच्या कावळ्याकडे बघत होतो. आणि नंतर चार महिन्यांत केस वाढले, मिशी वाढली, आणि हा माणूस वाढलेली मिशी घेऊन घरी आला, आणि भाऊ मिशीकडे बघून निघून गेला, आणि याने तोंड उघडून एवढंही सांगितलं नाही की अरे, ही नवीन आहे. बेचाळीस वर्षं! राग कुणाचा करावा हेही मला कळेना. मला माझ्या बापाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी मायाही कधी वाटली नव्हती, आणि दोन्ही एकाच वेळी छातीत बसत नव्हतं.

दुसरा फोटो स्टेशनवर पाहिलेलाच. माहितीचा कागद शेजारी होता. फोटो काढणाऱ्या बाईंचं नाव हिरानो, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, मासिकासाठी काम करत. त्यांनी लिहिलं होतं की एडी लार्कहिल सभागृहाच्या मागच्या दारातून पळून नदीवर आला, तिथे त्याला हे स्वामी दिसले, त्याने त्यांना हाताला धरून आत नेलं, आणि स्वामींनी त्याला आशीर्वाद दिला. स्वामी! मला हसू फुटलं, मोठ्याने. त्या काळात या मंडळींना भारतीय आणि टकला एवढं पुरत असावं. बँकेच्या परकीय चलन विभागातला, सुतकातला, सकाळपासून उपाशी माणूस. पण त्या हाताकडे बघून हसू थांबलं. तो हात त्या पोराच्या केसांत सबंध टेकलेला होता, बोटं जरा पसरून, आजारी मुलाचा ताप बघावा तसा. मी आठवत राहिलो. बारावीला बोर्डात आलो तेव्हा त्यांनी हस्तांदोलन केलं होतं. पहिल्यांदा जपानला निघालो तेव्हा विमानतळावर पासपोर्ट तपासून परत दिला होता. चार वर्षांपूर्वी करोनात आई गेली आणि इथल्या सीमा बंद होत्या, तेव्हा फोनवर म्हणाले होते, "तू तिथेच थांब. आम्ही करतो." माझ्या डोक्यावर हा हात कधी पडला नाही. पडला तो एका काजळ घातलेल्या इंग्रजाच्या डोक्यावर. एकोणपन्नासाव्या वर्षी मला त्या इंग्रजाचा मत्सर वाटला, हे मी लिहून ठेवतो.

शेजारी साठीतल्या दोन बायका उभ्या होत्या, गळ्यात सारखेच जुने बिल्ले लावून. तिसऱ्या फोटोकडे बघून त्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या, "कारासु, कारासु," म्हणत. कावळा, कावळा. मी तिकडे बघितलंही नाही. त्यांतल्या एकीने मान वळवली, मला बघितलं आणि तिचं हसू गोठलं.

"स्वामी-सान?" ती म्हणाली.

"मुलगा," मी जपानीत म्हटलं. "मी त्यांचा मुलगा."

दोघी कमरेतून वाकल्या. उठेचनात. त्या दिवशी त्या कार्यक्रमाला होत्या, दारं उशिरा उघडली, थंडीत चाळीस मिनिटं उभ्या होत्या. साउंड चेक झालाच नव्हता, हे नंतर कळलं. का, ते मात्र कुणालाच कधी कळलं नाही, चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालले होते. "पण त्या रात्री तो जसा गायला," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. "तुमच्या वडिलांचे आभार माना. आमच्या वतीने." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? प्रदर्शनाचं पुस्तक विकत घेतलं आणि जिन्यात जाऊन पायरीवर बसलो. तिथे कुणी येत नाही, सगळे लिफ्टने जातात. पुण्यात सकाळचे पावणेआठ झाले असतील. अनुराधाला फोन लावला.

"बोल," ती म्हणाली. कोरडी.

"बाबांना दे."

"ते नाही बोलणार, दादा."

"त्यांना सांग, ओसाकाचा फोटो सापडलाय. नदीवरचा. डोकं केलेला."

ती काहीतरी पुटपुटली, मग फोनची खरखर, मग नुसता श्वास.

"कुणी काढला?" बाबा म्हणाले. "एक मुलगी होती तिथे. कॅमेरा होता तिच्याकडे."

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"की तुम्ही केलंत. दहावा केलात. काकाला तरी सांगायचं. मला तरी."

"न येणारा तो न येणाराच, विशू. डोकं केलं म्हणून आलो असं होतं का?" ते थांबले. दम लागत होता. "आणि पुरतं केलं कुठे? दोनपासून बसलो होतो. कावळे होते, पण एकही शिवेना. तेवढ्यात तो पोरगा आला. हात धरून आत घेऊन गेला, रडायला लागला. मी सांगत होतो त्याला, आय ॲम नॉट स्वामी, आय ॲम फ्रॉम द बँक. तो आणखीच रडायला लागला. काय बोलत होता, निम्मं कळलं नाही. कसलं इंग्रजी ते. एक 'मम' तेवढं कळलं, म्हणजे आई. दोनतीनदा म्हणाला. म्हणून हात ठेवला डोक्यावर. मग परत आलो बाहेर. पावणेतीन वाजले होते."

"मग?"

"तीनला मीटिंग होती." हे वाक्य त्यांनी इतक्या हळू उच्चारलं की मी फोन कानात खुपसला. "ऑडिटची. दोन तासांची रजा दिली होती, ती संपली. मी उठलो. आईचा पिंड तसाच ठेवून उठलो मी, विशू. टोपी घातली, कोट घातला आणि मीटिंगला गेलो. संध्याकाळी धावत परत आलो तर ताटलीसुद्धा नाही. सगळं लख्ख झाडून काढलेलं. त्या देशात काही पडून राहत नाही. आता शिवला का नाही शिवला, कुणाला विचारू? बुधवारी तू म्हणालास ते बरोबरच होतं. मी नव्हतोच."

मांडीवर पुस्तक होतं, हात नुसतेच पानं उलटत होते, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. शेवटच्या पानावर तो तिसरा फोटो आला. ज्याच्याकडे मी बघितलं नव्हतं, ज्याला बघून बायका हसत होत्या तो. तोच दगडी कठडा, तीच नदी, पण उजेड उतरलेला. टिकल्यांचं जाकीट घातलेला एडी लार्कहिल जमिनीवर उकिडवा बसला होता, अगदी बाबांसारखा, गुडघे वर, हात जोडलेले. त्याच्यामागे, दारात, पाचसहा माणसं घड्याळं दाखवत, हातवारे करत उभी होती आणि त्याने एक कोपर मागे करून त्यांना अडवलं होतं. समोर ताटली. ताटलीच्या काठावर पाय रोवून एक दांडगा कावळा, चोचीत भात. मला आधी दिसलं ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी पायरीवरच वाकलो.

"बाबा," मी म्हटलं. "शिवला."

"काय?"

"कावळा शिवला, बाबा. फोटो आहे. चोचीत भात आहे त्याच्या. मी आत्ता बघतोय."

पलीकडे हॉस्पिटलातलं कुठलं तरी यंत्र टिकटिकत होतं.

"कुणी थांबलं होतं तिथे?"

"तो. तुमचा तो पोरगा. हात जोडून बसलाय. मागे सगळे ओरडताहेत त्याच्यावर."

"मी त्याला म्हटलं होतं," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता इतका बारीक झाला. "जाताना. बर्ड विल कम, प्लीज सी. जमलं तर बघ म्हटलं. जमलं तर." मग, बँकेत आयुष्य काढलेला माणूस, त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

फोटोखाली लिहिलं होतं. "चार वीस."

ते हिशेब करत होते, मला ऐकू येत होतं. "म्हणजे दीड तास. अरे, त्याचा कार्यक्रम होता रे. त्याला काम होतं." आणि मग माझा बाप रडायला लागला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, मोडलेल्या हाडानिशी, पुण्याच्या हॉस्पिटलात, मोठ्याने. अनुराधाने फोन ओढून घेतला, "दादा, काय सांगितलंस तू त्यांना? काय झालं?" मी तिला म्हटलं, फोन त्यांच्या कानाशीच धर, काढू नकोस. तिने धरला. मी तो आवाज ऐकत बसलो. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बंद केलं. किती वेळ गेला मी पाहिलं नाही.

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"तिकडे पाऊस काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"नाही पाऊस. ऊन आहे."

"बरं. विशू, तुझं ते सोमवारचं मोठं काम आहे म्हणाली अनू."

"हो."

"मंगळवारी आहे माझं. सकाळी नऊला घेतील आत." ते थांबले. "जमलं तर ये."

मी पुस्तक बंद करून काखेत धरलं, आणि आठ मजले पायीच उतरलो. तळमजल्यावर पोचेपर्यंत टीम लीडर नाकामुरा-सानना फोन लागला होता. रविवारचं विमान आहे, मी म्हटलं, सोमवारी मी नाही. त्यांनी तोंडाने हवा आत ओढली, इथे नकार देताना ओढतात तशी, आणि विचारलं की मंगळवारी संध्याकाळनंतर निघणं अजिबात शक्य नाही का.

"नाही," मी म्हटलं. "नऊ वाजता आत घेतील."